निर्धूर चुलीची पाऊणशे वर्षे

(वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाची संहिता)



मठाच्या वर्धापनोत्सवात तत्त्वज्ञानावर, परंपरेच्या इतिहासावर आणि सत्पुरुषांच्या चरित्रांवर व्याख्याने व्हावीत, हे सर्वथा उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र सभामंडपातला नसून पाकशाळेतला आहे. समाराधनेच्या पंगतीत बसलेला भक्त पानावरच्या वरणभाताची, खतखत्याची आणि खिरीची गोडी जाणतो. पण त्याच वेळी मागील दारी मोठ्या चुलाण्यांपुढे उपरण्याने डोळे पुसत उभे असलेले आचारी त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. ते कष्ट वर्षातील काही दिवसांचे, आणि पुष्कळ हातांनी वाटून घेतलेले. खेड्यातल्या गृहिणीला तोच धूर दिवसातून दोन वेळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, एकटीने सोसावा लागतो. आणि पुष्कळदा तिच्या कडेवर एक तान्हे मूलही असते.

या धुरातून तिची सुटका करण्याचे प्रयत्न आपल्या देशात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. त्यात बुद्धिमान माणसांचे श्रम आहेत, सरकारचा पैसा आहे, आणि वारंवार पदरी आलेली निराशाही आहे. चांगली चूल बांधून देणे त्या मानाने सोपे ठरले. तिचा लाभ घरात टिकवणे कठीण गेले. असे का झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम धूर म्हणजे काय, हे पाहू. लाकूड तापले की त्यातून निरनिराळे वायू बाहेर पडतात. ते पेटले की त्यांची ज्वाला होते. पण हवा कमी पडली, लाकूड ओले असले किंवा ज्वाला भांड्याच्या थंड बुडाला लागून विझली, की तेच वायू न जळता निसटतात आणि त्यांचा धूर होतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच होय. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के भांड्यात उतरते. उरलेली आजूबाजूची हवा, भिंत आणि स्वयंपाक करणारीचा चेहरा तापविण्यात खर्च होते. आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. चुलीच्या अंगाला वैल ठेवण्याची रीत हीच त्याची साक्ष. पुढे भाताचे पातेले रटरटत असताना मागच्या वैलावर आमटी आपोआप ऊन राहते, ही वाया जाणाऱ्या धगेची काटकसर नव्हे तर काय?

मात्र धूर बाहेर काढणे आणि जळण वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार वेळा झाली आहे. धुराडे बसविले की ओढ लागते व धूर वर जातो. पण ओढ फार झाली तर धुराबरोबर उष्णताही वरच्या वर निघून जाते, आणि निर्धूर म्हणविणारी चूल जुन्या चुलीपेक्षा अधिक लाकूड खाते. म्हणून ओढ आवरण्यासाठी झडप लागते. आतल्या मार्गाची लांबी, रुंदी व उंची ठरलेल्या मापाची असावी लागते. मातीच्या त्या साध्या ओट्यात एवढे शास्त्र दडलेले असते.

आपल्याकडे या शास्त्राचा पाठपुरावा प्रथम वर्ध्यास झाला. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथील मगनवाडीत होते. जमनालाल बजाज यांनी ती जागा दिली होती आणि संघाची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. घाणी, कागद, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांच्या जोडीने तेथे खेड्यातल्या चुलीचाही विचार झाला आणि १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ लोकांपुढे आली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ वाडीला जे नाव मिळाले होते तेच चुलीलाही मिळाले. गावची माती, गावचाच कारागीर आणि शेवटी एक धुराडे, असा तिचा थाट होता.

दुसरा प्रयत्न हैदराबादेतला. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हेही होते, हे आजच्या तरुण पिढीला सांगावे लागते. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धरणे व रस्ते यांच्या कामाबरोबरच स्वयंपाकघराकडेही लक्ष वळविले. आपल्या चुलीची माहिती देणारी त्यांची पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध झाली. ‘कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे’ अशा अर्थाचे तिचे इंग्रजी नाव होते. मातीच्या ओट्याच्या एका टोकाला जाळ घालण्याचे तोंड, ओट्याच्या पोटातून गेलेला बोगदा, त्यावर ओळीने भांड्यांची भोके, शेवटी धुराडे आणि त्याला झडप, अशी ती रचना. पहिल्या भोकावर भात, दुसऱ्यावर आमटी, तर शेवटच्या भोकावर उरलेल्या धगेवर पाणी तापे. धूर, काजळी, धग, अपव्यय आणि आगीचे भय या पाचांपासून गृहिणीची मुक्तता व्हावी, असा राजूंचा संकल्प होता. एका स्थापत्यविशारदाने स्त्रीच्या मुक्ततेची भाषा चुलीच्या संदर्भात वापरावी, हे त्या काळी थोडे विलक्षणच म्हणावे लागेल. १९५२ साली सुरू झालेल्या समाजविकास योजनेतूनही निर्धूर चुलीचा प्रसार करण्यात आला. ग्रामसेवक व ग्रामसेविका गावोगाव प्रात्यक्षिके करून दाखवीत.

या पाच मुक्ततांचा घरातला अर्थ काय, हे नीट पाहिले पाहिजे, कारण ग्रामीण कुटुंबाला होणारा लाभ नेमका तेथेच आहे. काजळी नाहीशी झाली की भांडी घासण्याचा वेळ कमी होतो. ज्यांनी राख आणि नारळाच्या काथ्याने पातेल्याची काळी बुडे घासली आहेत, त्यांना हे सांगावयास नको. बाईला नव्या चुलीचे पहिले कौतुक वाटते ते फुप्फुसांच्या रोगापेक्षा स्वच्छ पातेल्यासाठी, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. दोन पदार्थ एकाच वेळी शिजले की सकाळचा तासभर मोकळा होतो. तोंड बंद असलेल्या चुलीतून जाळ बाहेर येत नाही. त्यामुळे रांगणारे मूल भाजण्याचे आणि पदर पेटण्याचे भय कमी होते. आणि जळण वाचले तर त्या मानाने डोक्यावरून मोळी आणण्याच्या खेपा वाचतात. ज्या भागात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हेच जळण आहे, तेथे चुलीत जाणारे शेण वाचून शेताला खत मिळते.

राहता राहिली धुराची गोष्ट. धुराने डोळे चुरचुरतात एवढे सर्वांना ठाऊक होते; तो किती घातक आहे याचे मोजमाप मात्र फार उशिरा झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातेतील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच लहान यंत्रे लावून त्यांच्या श्वासातील हवा मोजली. ते निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. चुलीपुढे बसलेली बाई दर घनमीटर हवेमागे सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण श्वासात घेत होती. शहरातील धुरकट हवेची तक्रार करणाऱ्यांनी एवढी वाईट हवा कोठेच अनुभवली नसेल. पुढे या विषयावर जगभर अभ्यास झाले. घरातील धुरामुळे बालकांना न्यूमोनिया, स्त्रियांना दम्यासारखा जुनाट श्वासविकार, मोतीबिंदू व हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे त्यांतून दिसले. २०२० या एका वर्षात अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांपैकी २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आयुष्यात कधी विडीला न शिवलेल्या आजीची छाती घरघरते, तेव्हा घरातले लोक त्याला म्हातारपण म्हणून मोकळे होतात.

आता या कथेतील अवघड भाग. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, जंगलतोडीची चिंता वाढली आणि सरपणाचा प्रश्न राष्ट्रीय ठरला. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला व लवकरच तो देशभर पसरला. चुलीच्या किमतीचा मोठा भाग सरकार देई. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम थांबविला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली होती. आकडा दिपवून टाकणारा आहे. पण काही वर्षांनी पाहणी करणारे घरोघरी गेले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्यांना काय दिसले? धुराड्याची नळी फुटलेली, दुसरे भोक मातीने बुजविलेले, आणि ओट्याशेजारी तीन दगड मांडून त्यावर भाकरी चाललेली.

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण सगळ्यांच्या संसारातील अडचणी सारख्याच असतात, या अर्थाने वापरतो. खऱ्या चुलींच्या बाबतीत ती लागू पडत नाही. चुली मातीच्या खऱ्या, पण कोणत्याही दोन घरांच्या चुली सारख्या नसतात. देशावरच्या बाईला मोठ्या तव्यावर ज्वारीची भाकरी भाजावयाची असते, आणि तवा उतरवून ती निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवावयाची असते. तिला पुढे उघडा विस्तव हवा. कोकणात व गोव्यात भाताचे उंच मडके खोल बसले पाहिजे. कोणाकडे दहा माणसे जेवतात, कोणाकडे तीन. जळण कोठे बाभळीचे ओंडके, तर कोठे काटक्या व पालापाचोळा. वरून एकच माप ठरवून पाठविलेली चूल या सर्वांना कशी पुरणार? मग बाईने आपल्या सोयीने फेरफार केले. लाकूड बारीक तोडण्याचे काम आणखी कोण करणार, म्हणून तिने चुलीचे तोंड मोठे केले. रोज सकाळी पोतेरे फिरविताना मातीचे थरावर थर चढत गेले आणि आतली मापे बदलली. मापे बदलली की ओढ बिघडली. ओढ बिघडली की धूर पुन्हा खोलीत. त्यात तिचा दोष काय? माप का पाळावयाचे, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि तिला काय हवे हेही कोणी विचारले नव्हते.

धुराचेही काही उपयोग होते, हे शहरातून आलेल्या सुधारकांच्या सहसा ध्यानात येत नसे. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले बियाणे धुराने किडीपासून सुरक्षित राही. पावसाळ्यात ओले सरपण तेथेच सुके. गवताने शाकारलेल्या छपराला व त्याच्या बांबूंना भुंगा लागत नसे. धुराडे लागले आणि छपराला कीड लागली, तर घरधनी कुरकुरणारच. शिवाय छपराला भोक पाडावयाचे म्हणजे आषाढात पाणी नेमके चुलीवर गळावयाचे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण कित्येक धुराडी अशाच कारणांनी काढून टाकली गेली असतील.

यातून बोध घेणारेही निघाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञान राबविणारे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झाले. तेथे तयार झालेली ‘अस्त्र ओले’ कर्नाटकातील खेड्यांत पुष्कळ पसरली. सीमाभागातील श्रोत्यांना ओले म्हणजे चूल हे सांगावयास नको. तीन भांड्यांची, आत जाळी व शेवटी धुराडे असलेली ही चूल मापाबरहुकूम बांधणे आवश्यक असे आणि त्यासाठी शिकविलेला हातच लागे. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘आरती’ ही संस्था निघाली. इरावती कर्वे यांचे हे चिरंजीव वनस्पतिशास्त्रज्ञ. तरी त्यांनी चुलीचा प्रश्न हलका मानला नाही. मापे चुकू नयेत म्हणून या संस्थेने चुलींचे साचे वापरात आणले आणि गावातल्या कुंभारांना व स्त्रियांना त्या घडविण्याचे शिक्षण दिले. साच्यातून निघालेली चूल दर वेळी सारख्या मापाची निघते. आणि ज्याने ती विकली तो कुंभार गावातच राहतो, त्यामुळे नळी फुटली तर त्याला गाठता येते. सरकारी अनुदान थांबल्यावरही अशा कारागिरांना काही गिऱ्हाईक उरले, यातच या पद्धतीची योग्यता दिसते. फुकट मिळालेली चूल कोणीही घेतो; विकत घेतलेली चूल मोडली की दुःख होते.

या मुद्द्याची सर्वांत स्पष्ट साक्ष दोन दूरच्या ठिकाणच्या अभ्यासांतून मिळते. पहिले ठिकाण मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला. तेथील डोंगराळ भागातल्या माया वंशाच्या बायका घरात उघड्या विस्तवावर मक्याच्या पोळ्या भाजतात. आपल्याकडच्या भाकरीची आठवण व्हावी असाच तो प्रकार. २००२ च्या सुमारास कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ५३४ कुटुंबांची निवड केली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्यांना लगेच धुराड्याची चूल दिली. बाकीच्यांना ती अभ्यास संपल्यावर मिळावयाची होती. वर लोखंडी पत्रा, खाली बंदिस्त जाळ आणि छपराबाहेर जाणारे धुराडे, अशी ती चूल. उंची इतकी की वाकावे लागत नाही. अभ्यासाचे कार्यकर्ते दर आठवड्याला प्रत्येक घरी जात, बाळाचा श्वास पाहत आणि चुलीत बिघाड असल्यास तो दुरुस्त होई. स्त्रियांची डोळ्यांची व डोकेदुखीची तक्रार स्पष्टपणे कमी झाली. बालकांच्या श्वासात जाणारा धूर सुमारे निम्म्यावर आला. डॉक्टरांनी निदान केलेल्या सर्व प्रकारच्या न्यूमोनियात झालेली घट निश्चित म्हणण्याइतकी नव्हती. पण गंभीर न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

दुसरे ठिकाण आपल्याच देशातील ओडिशा. तेथे ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबांना क्रमाक्रमाने मातीच्या सुधारित, धुराड्याच्या चुली देण्यात आल्या आणि रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे त्यांचा मागोवा घेतला. ग्वाटेमालाप्रमाणे दर आठवड्याला येऊन पाहणारे तेथे कोणी नव्हते. खेड्यात नेहमी असते तशीच परिस्थिती होती. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातील धूर थोडा कमी झाला. पुढच्या वर्षांत तो लाभ पार नाहीसा झाला. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती झाली नाही आणि पुष्कळांनी त्या नियमाने वापरल्याही नाहीत. आरोग्यात फरक दिसला नाही, आणि जळणही वाचले नाही.

या दोन्ही गोष्टी एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. चुलींचे घाट वेगळे होते, लोक वेगळे होते, हे मान्य. केवळ यावरून सर्व काही सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण एका ठिकाणी चुलीला राखणारे माणूस होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते, हा फरक नजरेआड कसा करावा? देवळाचा दिवा तेलवातीवाचून तेवत नाही; मठात त्यासाठी नेमणूक असते. चुलीच्या योजनांत वाटपाची नेमणूक झाली, देखरेखीची झाली नाही.

आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आफ्रिकेतील मलावी देशात १५० गावांतील दहा हजारांहून अधिक बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. तेथे पंखा बसविलेल्या, कमी धूर करणाऱ्या चुली दिल्या होत्या. तरी न्यूमोनियात फरक पडला नाही, भाजण्याचे अपघात मात्र कमी झाले. मूल केवळ आपल्या घरचाच धूर पीत नाही. शेजारची चूल, अंगणात पेटविलेला कचरा, रात्री लावलेला दिवा, यांचाही धूर त्याच्या छातीत जातो. आपल्या धुराड्यातून निघालेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीतून आत शिरतो, हे दाट वस्तीच्या गावात कोणासही दिसेल. म्हणून एका घराने चूल सुधारली आणि गल्ली तशीच राहिली, तर त्या घराचा लाभही अपुरा राहतो.

‘आता गॅस आला, चुलीची चर्चा कशाला?’ असा प्रश्न कोणी करील. गॅसने धुराचा प्रश्न चुलीपेक्षा कितीतरी अधिक सोडविला, हे निर्विवाद आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. तिच्यातील आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली, आणि पुढे हा आकडा दहा कोटींवर गेला. एवढ्या थोड्या अवधीत एवढ्या स्वयंपाकघरांत नवी शेगडी पोहोचल्याचे उदाहरण विरळा. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४३.२ टक्के कुटुंबे मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचे दिसले. उज्ज्वलेच्या लाभार्थी कुटुंबाने २०२२-२३ साली सरासरी चारांहूनही कमी सिलिंडर भरून घेतले. सगळा स्वयंपाक गॅसवर करावयाचा तर याहून बरेच अधिक लागतात. चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर, भाकरी व जनावरांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत झाली आहे. पैसा हातात आला की सिलिंडर, नाही आला की सरपण. सिलिंडर भरावयाचा की नाही, हे ठरविताना पैसे ज्याच्या हातात असतात तो पुरुष धुरात बसत नाही, आणि जी धुरात बसते तिच्या हातात पैसे नसतात. निर्धूर चुलीच्या वेळीही हेच होते. नळी फुटली तर नवी आणावयाचे पैसे मागण्यापेक्षा डोळे पुसणे तिला सोपे वाटले.

तेव्हा ज्या घरांत चूल अजून पेटते, आणि ती लक्षावधी घरांत पेटते, तेथे काही साध्या गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. जळण पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून वाळलेले असावे. ओल्या लाकडाची बरीच शक्ती स्वतःला वाळविण्यातच जाते. लाकूड मनगटाएवढ्या जाडीपर्यंत फोडून घ्यावे, आणि फोडण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. धुराड्याचे तोंड छपराच्या वर चांगले हातभर निघालेले असावे, नाहीतर वारा धूर उलटा खाली ढकलतो. गवताचे छप्पर असेल तर धुराडे त्याला टेकता कामा नये आणि भोवती पत्र्याचा वा मातीचा आडोसा हवा. आतील काजळी महिन्यातून निदान एकदा झाडावी. काठीला गोणपाटाची चिंधी बांधून ती वरून खाली फिरविली की काम होते. अमावास्येचा दिवस ठरवून ठेवला तर विसर पडत नाही. सारवताना भोकांच्या कडा व आतील मार्ग तसाच राहील इकडे लक्ष द्यावे. आणि चूल बांधण्यापूर्वी जिने ती वापरावयाची तिला विचारावे, तिचा तवा व तिचे पातेले मागवून घेऊन भोके त्या मापाची ठेवावीत. वर्ध्याच्या व हैदराबादच्या चुलींत शास्त्र होते. या पातेल्याचे माप तेवढे ज्या त्या घरातच घ्यावयाचे असते.

गोवा-कोकणाकडील भक्तांच्या घरात मात्र आणखी एक चूल असते आणि तिचा विचार सहसा होत नाही. ती न्हाणीघरातली. स्वयंपाकघरात गॅस येऊन वर्षे लोटली, तरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा हंडा तिच्यावर तसाच चढलेला असतो. नारळाची सोडणे, झावळ्या, काजूच्या वाळक्या फांद्या, जे हाती येईल ते तिच्यात जाते, आणि पावसाळ्यात ते सगळे ओलेच असते. तिला धुराडे क्वचितच असते. स्वयंपाकाच्या इंधनाची मोजणी करणाऱ्यांच्या वहीत तिला जागा नाही. घरातले सर्व स्नान करून देवघरात येतात, तोवर पहाटेपासून त्या चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकणारी बाई बहुधा स्वयंपाकघरातलीच असते.